पोचपावती

१९८५ सालचा नोव्हेंबर महिना संपत आला होता. गीतांजली एक्स्प्रेसने नागपूरहून निघून दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या वडिलांबरोबर हावड्याच्या स्थानकावर उतरले. सुमारे ११३० किलोमीटरच्या त्या प्रवासात आम्हा दोघांत दहा वाक्यांपेक्षा अधिक बोलणे झाले नसावे. टाटानगरला त्यांनी केळी घेतली, एक सोलले आणि माझ्यापुढे धरले. मी मान हलवून नको म्हटले. ते केळे हातात तसेच धरून ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि शेवटी, जणू स्वतःसाठीच सोलले होते अशा बेताने, त्यांनी ते खाऊन टाकले. मी पंधरा वर्षांची होते. दोन महिन्यांपूर्वी माझी आई वारली होती आणि समोर बसलेल्या या गृहस्थांना मी त्याआधीच्या नऊ वर्षांत अवघे दोनदा पाहिले होते.

१९७६ च्या मे महिन्यात आई मला घेऊन कलकत्त्याहून नागपूरला माहेरी आली ती परत गेलीच नाही. त्या दोघांत नेमके काय बिनसले हे मला कोणी सांगितले नाही आणि मोठी झाल्यावर मीही विचारले नाही. आजी एवढेच म्हणत असे, ''दोघंही अभिमानी. एकानं तरी वाकायला हवं होतं.'' आई एका प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. वडील कलकत्त्यातच एका खासगी कंपनीत हिशेबनीस म्हणून नोकरी करत राहिले. त्या दोघांना जोडणारा एकच धागा उरला होता, तो म्हणजे दर महिन्याच्या सात-आठ तारखेला येणारी मनीऑर्डर.

तुमच्यापैकी जे वयाने लहान आहेत त्यांनी मनीऑर्डरचा फॉर्म कदाचित पाहिलाही नसेल. आपल्या देशात १८८० साली सुरू झालेली ही कागदी फॉर्मची पद्धत २०१५ मध्ये बंद झाली. त्या फॉर्मच्या तळाशी दोन लहान तुकडे असत. एक कुपन, त्यावर पैसे पाठवणारा दोन-चार ओळींचा मजकूर लिहू शके आणि पोस्टमन तो तुकडा फाडून पैशांबरोबर घरच्यांच्या हाती देई. दुसरा तुकडा पोचपावतीचा. पैसे घेणाऱ्याने त्यावर सही करायची आणि तो तुकडा टपालानेच पाठवणाऱ्याकडे परत जायचा. आई पैसे मोजून घेई, सही करी, कुपनावरचा मजकूर दारातच उभ्याने वाची आणि विजेच्या बिलांच्या तारेला ते कुपन अडकवून देई. उलट पत्र तिने कधी लिहिले नाही. त्या पैशांतला एक रुपयाही तिने खर्च केला नाही, हे मला तिच्यामागे कळले. पोस्टात माझ्या नावाने काढलेल्या बचत खात्यात ते सारे पैसे जमा होते.

आईला मूत्रपिंडाचा विकार जडला होता. १९८५ च्या उन्हाळ्यात तिचा अशक्तपणा फार वाढला आणि सप्टेंबरमध्ये ती गेली. मामांनी तार केली. वडील तिसऱ्या दिवशी आले. ते रडले नाहीत. तेराव्यापर्यंत ते आमच्या ओसरीवरच्या लाकडी बाकावर बसून होते; कोणी जेवायला हाक मारली की आत येत, पान संपवून पुन्हा बाहेर जाऊन बसत. तो बाक आणि त्यावरची ती ताठ, गप्प आकृती मला असह्य होत असे. घरातली बाकी सगळी माणसे रडत होती. यांना काहीच का वाटत नाही? आणि वाटत नसेल तर हे इथे बसलेत तरी कशासाठी? मामांचे घर लहान, त्यांना तीन मुले, आजी थकलेली. वडीलधाऱ्या मंडळींनी ठरवले की, दिवाळीनंतर मुलगी बापाकडे जाईल. मला कोणी विचारले नाही. त्या काळी अशा गोष्टी मुलांना विचारण्याची रीत नव्हती. आज तरी ती सर्वत्र रुळली आहे असे मला वाटत नाही.

तेव्हा त्या शहराचे नाव सरकारदरबारी कलकत्ता असेच होते; कोलकाता हे नाव २००१ साली अधिकृत झाले. हाजरा रोडच्या जवळ, एका गल्लीतल्या जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर वडिलांच्या दोन खोल्या होत्या. लाल सिमेंटची जमीन, हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या, आणि सगळीकडे एकट्या माणसाच्या घरात असते तशी कोरडी टापटीप. एक ताट, एक पेला, एक चादर. माझ्यासाठी म्हणून नवे ताट आणले होते. त्यावरचा दुकानाचा कागदी शिक्का अजून तसाच होता. तो पाहून मला बरे वाटायला हवे होते. पण मला वाटले, मी इथे पाहुणी आहे.

पहिले दोन महिने कसे गेले ते सांगण्यासारखे फारसे नाही. ते सकाळी वरण-भात रांधून ठेवत आणि कचेरीत जात. ज्वारीचे पीठ तिथे सहजी मिळत नसे, म्हणून भाकरी नाही. दिवसभर मी खिडकीत बसून खालची ट्रामची घरघर ऐकत असे. हाजरा रोडवरच्या 'महाराष्ट्र निवासा'त त्यांनी मला दोन रविवारी नेले. कलकत्त्यातल्या मराठी माणसांना एकत्र आणणारी ती जुनी वास्तू. तिथल्या बायकांनी मला मायेने जवळ घेतले आणि आई कशाने गेली ते विचारले. तिसऱ्या रविवारी मी डोके दुखते म्हणून सांगितले. वडिलांनी आग्रह केला नाही.

आमच्या बोलण्याची त्या काळातली एक गंमत मात्र सांगायला हवी. नऊ वर्षे ज्यांना कोणत्याही नावाने हाक मारली नव्हती, त्यांना काय म्हणावे ते मला सुचत नसे. 'बाबा' हा शब्द तोंडातून निघेना. 'तू' म्हणण्याइतकी जवळीक नव्हती आणि 'तुम्ही' म्हणावे तर आपण त्यांना मान देतो आहोत असे होईल, तोही द्यायचा नव्हता. म्हणून मी अशी वाक्ये बोलू लागले की ज्यांत समोरच्याचा उल्लेखच येऊ नये. ''चहा झाला आहे.'' ''किल्ली हवी होती.'' ''दिवा मालवायचा का?'' आपली मराठी या बाबतीत फार सोयीची आहे. पुढे एम.ए.ला व्याकरण शिकताना कर्ता, कर्म आणि प्रयोग हे सारे मला इतरांपेक्षा लवकर कळले, याचे श्रेय मी त्या दोन महिन्यांना देते.

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी वडिलांना ताप होता, तरी ते कचेरीत निघाले. मी त्या दिवशी प्रथमच त्यांचा डबा भरला होता. तो टेबलावरच राहिला. मी खिडकीकडे धावले. ते गल्लीच्या टोकाशी पोचले होते. कलकत्त्यातले लोक थंडीत घालतात ती माकडटोपी त्यांच्या डोक्यावर होती. हाक मारल्यावाचून गत्यंतर नव्हते. मी ओरडले, ''बाबा, तुम्ही डबा विसरलात!''

ते थांबले, वळले आणि क्षणभर वर पाहतच राहिले. मग डब्यासाठी परत आले.

तळमजल्यावर आमच्या घरमालकीण राहत. साऱ्या गल्लीच्या त्या 'मासिमा'. मासिमा म्हणजे आपली मावशीच. शब्दाचे मूळही एकच. त्या अंगणात उभ्या होत्या. त्या दिवशी दुपारी त्या वर आल्या, माझ्यापुढे वाटीभर नोलेन गुळाचे पायेश ठेवले (खजुराच्या रसाच्या नव्या गुळाची ती खीर थंडीतच होते) आणि कौतुकाने म्हणाल्या, ''बाबाके तुमि बोलो? बेश!'' मला काही कळले नाही. वडिलांनी संध्याकाळी उलगडून सांगितले. बंगालीत 'आपनि', 'तुमि' आणि 'तुइ' अशा तीन पायऱ्या आहेत. 'आपनि' मानाचे, आपल्या 'तुम्ही'सारखे. 'तुमि' हे त्याहून जवळच्या माणसासाठी. मासिमा स्वतः लहानपणी त्यांच्या वडिलांना 'आपनि' म्हणत आणि त्यांच्यासमोर उभे राहायलाही भीत. मी खिडकीतून ओरडून वडिलांना 'तुमि' म्हटले असे त्यांनी ऐकले, आणि बापलेकीत केवढी ही माया, असे त्यांना वाटले.

हे सांगताना वडील हसले. मीही हसले. मग आम्ही दोघेही एकदम गप्प झालो. पण त्यानंतर 'तुम्ही' म्हणण्यातली अडचण संपली. त्या एका शब्दाने मराठीत अंतर राखता येत होते आणि तोच शब्द अंगणात पोचेपर्यंत जवळचा होत होता.

शाळेचा प्रश्न अवघड होता. दहावीचे माझे वर्ष मधेच तुटले होते. बंगाली मला येत नव्हती, इंग्रजी माध्यम झेपणारे नव्हते आणि मराठी माध्यमाची शाळा जवळपास कुठेच नव्हती. शेवटी असे ठरले की, १९८७ च्या मार्चमध्ये मी नागपूरला जाऊन बाहेरून परीक्षेला बसावे आणि तोवर घरीच अभ्यास करावा. शाळा सुटलेल्या माणसाला सकाळी अकराच्या सुमारास काय वाटते ते तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. साऱ्या जगाला जायला एक ठिकाण असते आणि आपल्याला नसते. गणित वडील शिकवू लागले. हिशेबनीस असल्यामुळे उत्तर बरोबर येऊनही आकडे एकाखाली एक नीट मांडलेले नसतील तर ते चालवून घेत नसत. यावरून आमची पुष्कळ वादावादी झाली. वादावादी झाली, म्हणजे बोलणे होऊ लागले.

बंगाली मात्र अभ्यास म्हणून नव्हे, तर रविवारी ट्राममध्ये बसून शिकले. ते दुकानांच्या पाट्या वाचून दाखवीत, मी अक्षरे ओळखी. त्या वर्षीच्या २९ एप्रिलला भुयारी रेल्वे भवानीपूरहून पुढे टॉलीगंजपर्यंत धावू लागली. देशातली ही पहिली मेट्रो. तिचा पहिला टप्पा १९८४ च्या ऑक्टोबरात सुरू झाला होता. आता ती आमच्या घराजवळून जाणार म्हटल्यावर सारी गल्ली एकदा तरी बसून आली. आम्हीही गेलो. एका स्थानकावर सरकता जिना होता. वडील त्याच्यासमोर उभे राहिले, एक पाऊल पुढे टाकले, मागे घेतले. मागची माणसे खोळंबली. मी त्यांचा हात धरला आणि म्हटले, ''आता.'' वर पोचेपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिले नाही.

१९८६ हे रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्माचे १२५ वे वर्ष होते. बंगाली वैशाखाच्या २५ तारखेला त्यांची जयंती असते. त्या दिवशी गल्लीगल्लीत गाणी होतात. त्या निमित्ताने मासिमांनी त्यांच्या कपाटातले एक पुस्तक मला वाचायला दिले. ते होते रवींद्रनाथांचे 'जीवनस्मृती', १९१२ साली प्रसिद्ध झालेले आठवणींचे पुस्तक. मला ते वाचता येणे शक्य नव्हते. संध्याकाळी दिवे जात असत. त्या वर्षांत कलकत्त्यात वीज जाणे हा रोजचाच प्रकार होता. वडील कंदिलाजवळ बसून एकेक वाक्य मोठ्याने वाचत आणि मागाहून मराठीत सांगत. पाऊस सुरू झाला तरी हे वाचन चालू होते.

रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ वर्षातला बराच काळ प्रवासात असत. जोडासाँकोच्या त्या मोठ्या घरात लहान रवीला वडील जवळजवळ परकेच होते. १८७३ साली, मुंज झाल्यावर, त्यांनी या मुलाला बरोबर घेतले आणि शांतिनिकेतन, अमृतसर करत हिमालयात डलहौसीला नेले. मुलगा तेव्हा बारा वर्षांचाही नव्हता. वाटेत वडिलांनी त्याच्याकडे थोडे पैसे देऊन हिशेब ठेवायला सांगितला आणि आपल्या किमती सोन्याच्या घड्याळाला रोज किल्ली देण्याचे काम सोपवले. मुलाने ते इतक्या उत्साहाने केले की, घड्याळ दुरुस्तीसाठी कलकत्त्याला पाठवावे लागले.

हा भाग वाचून झाला त्या रात्री वडिलांनी टेबलावरचे गजराचे घड्याळ माझ्यापुढे सरकवले. ''उद्यापासून हे तुझ्याकडे. हळू फिरव,'' ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी घरखर्चाचे पाकीट आणि कपाटाची किल्लीही मला मिळाली. एखादी गोष्ट पुस्तकात वाचून लगेच आचरणात आणणारी माणसे थोडी भाबडी असतात. माझे वडील तसे होते, हे मला तेव्हा प्रथम कळले.

त्या किल्लीमुळेच पुढचा प्रसंग घडला. ऑगस्टमध्ये गॅसची जुनी पावती शोधताना कपाटाच्या तळाशी मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात मनीऑर्डरच्या पोचपावत्या होत्या. वर्षावर्षाचे गठ्ठे करून दोऱ्याने बांधलेल्या. मी मोजल्या; १०७ निघाल्या. जून १९७६ पासूनच्या हिशेबाने ११२ असायला हव्या होत्या; पाच टपालात गहाळ झाल्या असाव्यात. प्रत्येक पावतीवर आईची सही. दुसरा एक शब्दही नाही. नऊ वर्षे दर महिन्याला तिच्याकडून त्यांना एवढेच येत होते.

मी पावत्या क्रमाने लावल्या. आईचे अक्षर वळणदार, शिक्षिकेचे. १९८५ च्या मे महिन्याच्या पावतीवर सहीची शेवटची रेघ खाली घसरली होती. जूनमध्ये अक्षरे सुटी झाली होती. ऑगस्टची सही ओळखू येण्यासारखी नव्हती. सप्टेंबरची तर केवळ एक वाकडी रेघ होती.

त्या संध्याकाळीही दिवे गेले. वडील आले, त्यांनी कंदील लावला आणि पुस्तक उघडले. मी तो डबा टेबलावर ठेवला आणि विचारले, ''सही बदललेली तुला दिसत होती ना? हात कापत होता तिचा. मग का नाही आलास?''

मी 'तू' म्हणत आहे हे माझ्या ध्यानातही आले नाही. त्यांच्या आले असावे. पुष्कळ वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''दिसत होती. मेच्या पावतीवरच कळलं. जूनच्या कुपनावर विचारलं होतं, प्रकृती कशी आहे म्हणून. उत्तर आलं नाही. रजेचा अर्ज लिहिला होता मी. दिला नाही.''

''का?''

''तिनं दारातूनच परत पाठवलं असतं तर? भ्यालो मी.''

मी किती तरी बोलले. खाली ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. ते सारे इथे सांगण्यात अर्थ नाही. जे मी त्या रात्री बोलले नाही ते मात्र सांगितले पाहिजे. जूनमधले ते कुपन मी वाचले होते. आईच्या डोळ्यांना तेव्हा त्रास होत असे, म्हणून तिने ते माझ्याकडून वाचून घेतले होते. 'प्रकृती कशी आहे?' मी मोठ्याने वाचले. आई म्हणाली, ''लाव तारेला.'' मी तारेला लावले. पोस्टकार्ड तेव्हा पंधरा पैशांना मिळत होते, वडिलांचा पत्ता मला पाठ होता, आणि तरीही मी दोन ओळी लिहिल्या नाहीत. मलाही वाटले होते की, ज्याला इतकी वर्षे सुचले नाही त्याला आता तरी का कळवावे? ही गोष्ट मी वडिलांना पुष्कळ वर्षांनी सांगितली. ते एवढेच म्हणाले, ''तू लहान होतीस.'' मला ते तेव्हाही पटले नाही.

दुसऱ्या दिवशी मासिमा वर आल्या. माझा चेहरा पाहून त्या वडिलांना म्हणाल्या, ''मेयेर बड़ो ओभिमान.'' अभिमान हा शब्द मला कळला आणि मी आणखीच चिडले. मी गर्विष्ठ आहे असे या बाईंनी म्हणावे? वडील म्हणाले, ''तसं नाही. बंगालीत त्याचा अर्थ निराळा. आपलं माणूस आपल्याशी चुकलं म्हणजे जे वाटतं ना, रुसवा म्हण, दुखणं म्हण, ते. परक्याविषयी ते वाटत नाही कुणाला.'' थोडे थांबून त्यांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून उगाच हात फिरवला. मला आजीचे शब्द आठवले: दोघंही अभिमानी. आजीला बंगालीचा गंधही नव्हता.

आठ-दहा दिवसांनी वाचन पुन्हा सुरू झाले, पण ते आता बरेच भरभर वाचत. सप्टेंबरमध्ये, आईला वर्ष व्हायच्या सुमारास, त्यांनी एके दिवशी काही पाने एकदम उलटली. मला एव्हाना अक्षरे येत होती. उलटलेल्या पानांवरचे प्रकरणाचे नाव मी पाहून ठेवले होते: 'मृत्युशोक'. दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेल्यावर मी ते एकटीने वाचायला घेतले. चार दुपारी लागल्या. निम्मे शब्द कळत नव्हते. काही मासिमांना विचारले.

रवींद्रनाथांची आई, शारदादेवी, १८७५ च्या मार्चमध्ये गेली. त्यांना चौदावे वर्ष चालू होते. रात्री घरात रडारड झाली तेव्हा मुलांना धड काही कळले नाही. सकाळी अंगणात आईला पाहिले. मग स्मशानातून परत येताना, गल्लीच्या वळणावरून त्यांनी तिसऱ्या मजल्याकडे पाहिले. वडील आपल्या खोलीपुढच्या सज्जात निश्चल बसून होते, अजूनही उपासनेत. लेखकाने तिथे वडिलांना दोष दिलेला नाही की त्यांची बाजूही मांडलेली नाही. पाहिले, तेवढे सांगितले आहे.

मी पुस्तक मिटले आणि मला आमच्या ओसरीवरचा बाक दिसला. गप्प बसणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मनात दुःखच असते असे मी म्हणणार नाही. पुष्कळदा तो नुसता भित्रेपणा असतो. माझ्या वडिलांच्या ठायी दोन्ही होते. त्या तेरा दिवसांत मी त्यांच्याजवळून कितीदा तरी गेले असेन. पण बाकावर त्यांच्या शेजारी पुष्कळ जागा होती, हे मला कलकत्त्यात बसून वर्षभराने दिसले.

संध्याकाळी मी त्यांना सांगितले की, गाळलेली पाने मी वाचली. ते म्हणाले, ''सगळी?'' मी म्हटले, ''सगळी. 'स्तब्ध' म्हणजे आपल्यासारखंच ना?'' ते ''हो'' म्हणाले आणि कंदिलाची काच पुसू लागले. ती स्वच्छच होती.

१९८७ च्या मार्चमध्ये परीक्षेसाठी आम्ही दोघे नागपूरला आलो. वडील सवयीने ओसरीवरच्या बाकाकडे वळले. आजी दारात उभी होती. ती म्हणाली, ''तिथं नका बसू. आत या.'' ते आत आले. जेवताना आजीने त्यांना भाकरी वाढली आणि ते खाली मान घालून दोन भाकऱ्या जेवले. रजा थोडी होती. मला पोचवून दुसऱ्याच दिवशी ते परतले. परीक्षा संपल्यावर मी महिनाभर आजीजवळ राहायचे असे ठरले होते.

एप्रिलच्या आठ तारखेला पोस्टमन आला. मनीऑर्डर माझ्या नावाची होती. जुनाच पोस्टमन, त्याने फॉर्मवरचे नाव दोनदा वाचले आणि काही न बोलता शंभराची नोट माझ्या हातात दिली. कुपनावर वडिलांचे बारीक, एकाखाली एक मांडलेले अक्षर होते. पेपर कसे गेले ते कळव. मासिमा रोज विचारतात, मुलगी कधी येणार. घड्याळ दोनदा बंद पडले.

मी कुपन तारेला लावले नाही. पोस्टमनने पोचपावती पुढे केली आणि बोटाने जागा दाखवली. मी ओट्यावर बसले, पावतीखाली पाटी घेतली आणि सावकाश, एकेक अक्षर ठळक काढून माझे पूर्ण नाव लिहिले. माझे, मग त्यांचे, मग आडनाव. रेघ कुठेही हलू नये म्हणून मी श्वास रोखून धरला होता. चार दिवसांनी ही पावती कंदिलाजवळ धरून कोणीतरी निरखून पाहणार होते.

''झाली का सही?'' पोस्टमनने विचारले. त्याला अजून पुढच्या गल्लीत जायचे होते.